‘स्पिरिट ऑफ ईडन’ : एका अल्बमची घडण, त्यावरचा वाद आणि त्याचे श्रोते

मार्च १९८८ मध्ये ‘टॉक टॉक’ या ब्रिटिश बँडने आपला चौथा स्टुडिओ अल्बम ‘स्पिरिट ऑफ ईडन’ पूर्ण करून ईएमआय या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या स्वाधीन केला. लंडनमधील एका स्टुडिओत कित्येक महिने चाललेल्या या कामाचा खर्च कंपनी करत होती, परंतु काम चालू असताना ते ऐकण्याची मुभा तिच्या अधिकाऱ्यांना नव्हती. शेवटी हाती आले ते सहा रचनांचे, सुमारे ४१ मिनिटांचे संगीत. त्यात पाय थिरकवणारा ठेका नव्हता, रेडिओवर सहज वाजवता येईल असे तीन-चार मिनिटांचे गाणे नव्हते, आणि पहिल्या तीन रचना तर एकमेकींत मिसळून वीस मिनिटांहून अधिक काळ सलग चालत होत्या.

या अल्बमविषयी एक ठरावीक कथा सांगितली जाते. तत्त्वाला चिकटून राहणारा कलावंत, केवळ विक्रीकडे पाहणारी कंपनी आणि काही वर्षांनी झालेला कलेचा विजय, असे तिचे स्वरूप असते. ही कथा खोटी नाही, पण अपुरी आहे. हे संगीत कंपनीशी झगडून घडलेले नाही; ते कंपनीच्याच पैशावर आणि तिने डोळे झाकून टाकलेल्या विश्वासावर घडले. पुढे करारातील ज्या कलमावरून दोन्ही पक्षांची फारकत झाली, त्या कलमाचा संगीताच्या दर्जाशी फारच थोडा संबंध होता. या दोन गोष्टी नीट लक्षात घेतल्या, तर ‘स्पिरिट ऑफ ईडन’ची थोरवी कमी होत नाही, उलट ते कसे शक्य झाले, हे अधिक स्पष्ट होते.

यशाने मिळालेली मोकळीक

‘टॉक टॉक’ची स्थापना १९८१ मध्ये लंडनमध्ये झाली. गायक मार्क हॉलिस, बासवादक पॉल वेब, ड्रमवादक ली हॅरिस आणि कीबोर्डवादक सायमन ब्रेनर असे चौघे त्यात होते. सिंथेसायझरवर आधारलेल्या पॉप संगीताची लाट तेव्हा जोरात होती आणि ईएमआयने या बँडला त्याच लाटेचा भाग म्हणून करारबद्ध केले. पहिल्या अल्बमसाठी निर्माते म्हणून निवडले गेले ते ‘डुरान डुरान’ या पॉप बँडबरोबर काम केलेले कॉलिन थर्स्टन, आणि त्याच ‘डुरान डुरान’च्या दौऱ्यात मुख्य कार्यक्रमाआधी वाजवण्यासाठी या नव्या बँडला पाठवण्यात आले. दोन्ही नावांत एकच शब्द दोनदा येतो, एवढ्यावरूनही वृत्तपत्रांनी तुलना सुरू केली. हॉलिस यांना ती कधीच मानवली नाही. सिंथेसायझर वापरणे ही आपली आवड नसून खऱ्या वाद्यांचे आणि वादकांचे पैसे परवडत नसल्याने पत्करलेली सोय होती, असे त्यांनी नंतर सांगितले. या एका विधानात पुढच्या सगळ्या प्रवासाची दिशा दिसते.

ब्रेनर १९८३ मध्ये बाहेर पडले आणि टिम फ्रीझ-ग्रीन हे निर्माते या नात्याने आले. छायाचित्रांत ते क्वचितच दिसत, परंतु हॉलिस यांचे सहलेखक, कीबोर्डवादक आणि निर्णयांतले भागीदार म्हणून त्यांना बँडचा कणाच म्हटले पाहिजे. ‘इट्स माय लाइफ’ या दुसऱ्या अल्बमने १९८४ मध्ये युरोप खंडात चांगले नाव मिळवले. १९८६ चा ‘द कलर ऑफ स्प्रिंग’ ब्रिटनमध्ये आठव्या आणि नेदरलँड्समध्ये पहिल्या क्रमांकापर्यंत गेला. पैसे आले तसे सिंथेसायझर मागे पडले आणि पियानो, ऑर्गन, गिटार, समूहगान पुढे आले. सुदैवाने हा बदल लोकांनाही आवडला. त्यामुळे पुढच्या अल्बमसाठी ईएमआयने खर्चाची आणि वेळेची जवळजवळ मोकळी सूट दिली. कंपनीच्या दृष्टीने यात अविचार काहीच नव्हता. ज्या वाटेने बँड अधिकाधिक यशस्वी होत गेला, त्याच वाटेवर त्याला आणखी पुढे जाऊ द्यायचे, एवढाच तो हिशेब होता. ती वाट कोठे जाणार आहे, हे मात्र तिने विचारले नाही.

वेसेक्समधला अंधार

ध्वनिमुद्रण १९८७ मध्ये लंडनच्या हायबरी भागातील वेसेक्स स्टुडिओत सुरू झाले. ही मूळची चर्चची सभागृहवजा इमारत. येथेच पूर्वी ‘सेक्स पिस्टल्स’ आणि ‘द क्लॅश’ या पंक बँडनीही आपले गाजलेले काम केले होते. ध्वनिमुद्रक म्हणून फिल ब्राउन यांची निवड झाली. त्यांनी सांगितलेल्या आठवणींमुळेच या महिन्यांचे चित्र आज आपल्यापुढे उभे राहते. खिडक्या-दिवे बंद करून स्टुडिओ अंधारा ठेवला जाई. उजेड असे तो भिंतीवर रंगीत ओघळ सोडणाऱ्या तेलाच्या प्रोजेक्टरचा आणि लुकलुकणाऱ्या स्ट्रोब दिव्याचा. दिवसाचे बारा-बारा तास, महिनोन्महिने, त्याच सहा रचना ऐकत त्या अंधारात बसण्याचा मनावर ताण येत असे, असेही ब्राउन यांनी सांगितले आहे.

बाहेरून बोलावलेल्या वादकांची यादी कोणत्याही वाद्यवृंदाला शोभेल अशी आहे. व्हायोलिनवर नायजेल केनेडी, डबल बासवर डॅनी थॉम्पसन, ट्रम्पेटवर हेन्री लोथर, हार्मोनिकावर मार्क फेल्टम, डोब्रो (धातूच्या तबकडीतून घुमणारी गिटार) आणि बारा तारांच्या गिटारवर रॉबी मॅकिंटॉश. शिवाय ओबो, क्लॅरिनेट, बासून आणि चेम्सफर्ड कॅथीड्रलचा गायकवृंद. या वादकांना स्वरलेखन पुढ्यात ठेवून ‘एवढे वाजवा’ असे सांगितले जात नसे. त्यांना अंधाऱ्या खोलीत नेऊन बसवत, हेडफोनवर रचना ऐकवत आणि जे सुचेल ते वाजवू देत. वाजवून झाल्यावर त्यातले काय ठेवले जाणार, याची त्यांना बहुधा कल्पना नसे. ठेवले जाई ते अत्यल्प. तासाभराच्या वादनातून कधी एखादी ओळ, कधी दोन सूर निवडायचे आणि बाकीचे बाजूला सारायचे, हे काम हॉलिस आणि फ्रीझ-ग्रीन करत. एक सूर कसा वाजवायचा हे कळल्याशिवाय दोन सूर वाजवू नयेत आणि कारण असल्याशिवाय तो एकही वाजवू नये, असे हॉलिस यांचे मत होते, आणि येथे ते अक्षरशः अमलात आले.

विलंबित ख्याल ऐकणाऱ्या कानाला या संगीतातली संथ चाल आणि सुरांमधली रिकामी जागा परकी वाटणार नाही. मात्र साम्य तेथेच थांबते. ख्यालात गायक आपल्यासमोर, त्या क्षणी, वाट शोधत असतो आणि आपण त्या शोधाचे साक्षीदार असतो. ‘स्पिरिट ऑफ ईडन’मध्ये उत्स्फूर्तपणाचा जो भास होतो, तो अतिशय काटेकोर निवडीतून रचलेला आहे. वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांना न भेटता वाजवलेल्या वादकांचे तुकडे शेजारी ठेवून, ते जणू एका खोलीत बसून एकमेकांना प्रतिसाद देत आहेत असा परिणाम साधला आहे. याला फसवणूक म्हणता येणार नाही. ही संकलनातून केलेली रचना आहे, आणि माझ्या मते या अल्बमचे खरे कौशल्य येथेच आहे. हॉलिस ज्यांचे ऋण मानत, त्या माइल्स डेव्हिस आणि गिल इव्हान्स या जॅझ संगीतकारांच्या कामातील मोकळी हवा त्यांना हवी होती. ती त्यांनी वाजवून कमी आणि काढून टाकून अधिक मिळवली.

‘द रेनबो’ या पहिल्या रचनेची सुरुवात या दृष्टीने लक्षपूर्वक ऐकण्यासारखी आहे. प्रथम काहीच घडत नाही असे वाटते. दूरवरून ट्रम्पेटचा दबका सूर येतो, तंतुवाद्यांचा एक धूसर पडदा हळूहळू वर चढतो आणि विरतो, मध्येच काहीतरी खरडल्यासारखा, धातूवर धातू घासल्यासारखा आवाज होतो. दोन मिनिटांहून अधिक काळ ना ठेका, ना गायन. मग ब्लूजच्या वळणाची गिटार येते, ड्रम अगदी सावकाश पावले टाकू लागतात आणि फेल्टम यांची हार्मोनिका इतक्या कर्कशपणे, ध्वनिवर्धकातून फाटून बाहेर येते की ती हार्मोनिका आहे हे ओळखायलाही क्षणभर लागतो. हॉलिस यांचा आवाज त्यानंतर येतो. तो पुटपुटण्याच्या इतका जवळ आहे की शब्द नीट उमगत नाहीत. अल्बमबरोबर छापलेले शब्दही त्यांच्याच हस्ताक्षरात आहेत आणि ते वाचणे सोपे नाही. श्रोत्याने अर्थाच्या मागे धावण्याआधी आवाज ऐकावा, अशी ही योजना असावी असे मला वाटते.

‘आय बिलीव्ह इन यू’ ही रचना हेरॉइनच्या व्यसनाने उद्ध्वस्त होणाऱ्या माणसाला उद्देशून आहे. हॉलिस यांचे थोरले बंधू एड यांनीच त्यांना संगीताची दृष्टी दिली होती, आणि ते स्वतः या व्यसनात सापडले होते. गाणे केवळ त्यांच्याविषयी आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तथापि या विषयावर आरडाओरडा न करता, उपदेश न करता, हॅरिस यांच्या एकसारख्या ठेक्यावर जवळजवळ प्रार्थनेच्या स्वरात गाणे हे त्या काळच्या रॉक संगीतात दुर्मीळ होते. शेवटी कॅथीड्रलच्या गायकवृंदाचे स्वर उतरतात तेव्हा ते सजावट म्हणून येत नाहीत. जे शब्दांनी बोलून संपले, ते तेथून पुढे चालू राहते.

विक्रीस काढलेले मौन

कंपनीला हे संगीत मिळाले तेव्हा तिची पहिली प्रतिक्रिया गोंधळाची होती. एखादे गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित करावे किंवा काही भाग बदलावा, असे हॉलिस यांना सुचवण्यात आले. त्यांनी नकार दिला. शेवटी अल्बम समाधानकारकरीत्या पूर्ण झाला आहे, असे कंपनीने मान्य केले. हे मान्य करणे पुढच्या वादात महत्त्वाचे ठरले.

सप्टेंबर १९८८ मध्ये ईएमआयच्याच पार्लोफोन या नाममुद्रेखाली अल्बम प्रसिद्ध झाला. जेम्स मार्श यांनी काढलेल्या मुखपृष्ठावर पाण्यातून वर आलेले, शिंपले आणि पक्षी अंगावर वागवणारे एक झाड होते. बँडने दौरा करण्यास नकार दिला. योगायोगातून, निवडीतून आणि महिन्यांच्या श्रमातून जमून आलेली गोष्ट रंगमंचावर रोज रात्री पुन्हा करून दाखवता येणार नाही, आणि प्रेक्षक मात्र अल्बमसारखेच ऐकू यावे अशी अपेक्षा ठेवतील, असे हॉलिस यांचे म्हणणे होते. ते पटण्यासारखे आहे. परंतु ज्या काळात नवे संगीत लोकांपर्यंत पोहोचण्याचे मार्ग रेडिओ, चित्रफीत आणि दौरा हे तीनच होते, त्या काळात यातला एक मार्ग पूर्णपणे बंद करणे म्हणजे उरलेल्या दोहोंवर सारा भार टाकणे होते.

कंपनीने ‘आय बिलीव्ह इन यू’ची कापून लहान केलेली आवृत्ती सिंगल, म्हणजे सुटे विकले जाणारे गाणे, म्हणून काढली. ब्रिटनच्या यादीत ती पहिल्या पंचाहत्तरांतही पोहोचली नाही. तिच्यासाठी टिम पोप यांनी केलेल्या चित्रफितीत हॉलिस गिटार घेऊन बसलेले दिसतात. नुसते बसून, गाणे ऐकून, त्याचा अर्थ डोळ्यांत आणता येईल अशी त्यांची कल्पना होती, आणि ती चूक ठरली असे त्यांनी नंतर मोकळेपणाने कबूल केले. अल्बम ब्रिटनमध्ये १९ व्या क्रमांकापर्यंत चढला. हा आकडा अपयशाचा म्हणता येत नाही. तो मुख्यतः आधीच्या अल्बमच्या चाहत्यांच्या उत्सुकतेचा आकडा आहे, असे मी मानतो. त्यांच्यापैकी अनेकांना हाती आलेली वस्तू उमगली नसणार. समीक्षकांतही मतभेद होते. काहींनी त्यातले धाडस तेव्हाच ओळखले, तर काहींना ते आत्ममग्न आणि कंटाळवाणे वाटले. जे नाराज झाले, त्यांना दोष देण्याचे कारण नाही. आधीच्या तिन्ही अल्बमांनी शिकवलेली ऐकण्याची सवय येथे उपयोगी पडत नव्हती.

तारखेचा प्रश्न

हा अल्बम विकण्यालायक नाही म्हणून कंपनीने बँडला न्यायालयात खेचले, असे अनेक ठिकाणी लिहिले जाते. बँडची करारातून ज्या मुद्द्यावर सुटका झाली, तो मुद्दा मात्र वेगळा होता आणि न्यायालयात दाद मागितली होती ती बँडने. ईएमआयला हा करार पुढे वाढवायचा होता. आपल्याला अशा प्रकारचे संगीत करायचे असेल तर ही कंपनी आपली नव्हे, अशी हॉलिस आणि बँडचे व्यवस्थापक कीथ अ‍ॅस्पडन यांची खात्री झाली होती. करारानुसार, अल्बम पूर्ण झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत कंपनीने मुदतवाढीची लेखी सूचना देणे आवश्यक होते. सूचना उशिरा आली, असे बँडचे म्हणणे. अल्बम समाधानकारकरीत्या पूर्ण झाल्यावरच तीन महिने मोजायचे, त्यामुळे सूचना वेळेतच आहे, असा कंपनीचा युक्तिवाद. काम ‘समाधानकारक’ असले पाहिजे असे त्या कलमात कोठे लिहिले आहे, हा बँडचा प्रतिप्रश्न होता.

पहिल्या न्यायालयात न्यायमूर्ती अँड्र्यू मॉरिट यांनी ईएमआयच्या बाजूने निकाल दिला. अपील न्यायालयाने तो फिरवला आणि बँड करारातून मोकळा झाला. या प्रसंगात एक विलक्षण विसंगती आहे. सुरांच्या निवडीत कमालीचे काटेकोर असणारे हॉलिस कायद्याच्या लढाईत मात्र काम कधी संपले एवढ्याच कोरड्या मुद्द्यावर उभे राहिले, आणि तेच शहाणपणाचे होते. ‘हे संगीत थोर आहे’ हे न्यायालयात सिद्ध करता येत नाही. दिनांक सिद्ध करता येतो. दुसऱ्या बाजूला, आधी बदल सुचवणाऱ्या कंपनीला आपल्या असमाधानाचाच आधार घ्यावा लागला, आणि तो टिकला नाही. कलावंतांनी या प्रकरणातून काही घ्यायचेच असेल, तर माझ्या मते ते करारातल्या नोंदी, मुदती आणि पत्रव्यवहार यांविषयी आहे.

फारकतीनंतर ईएमआयने १९९० मध्ये जुन्या गाण्यांचा ‘नॅचरल हिस्टरी’ हा संग्रह काढला. तो ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेला, म्हणजे बँडच्या कोणत्याही स्टुडिओ अल्बमच्या पुढे. त्याबरोबर पुन्हा काढलेले ‘इट्स माय लाइफ’ हे सिंगलही पहिल्या पंधरांत आले. १९९१ मध्ये त्याच गाण्यांचे नृत्यासाठी फेरमिश्रण केलेला दुसरा संग्रह, बँडची संमती न घेता, बाजारात आला. या वेळीही बँडने दावा लावला आणि कंपनीला तो संग्रह मागे घ्यावा लागला. लोकांना आवडणारे ‘टॉक टॉक’ आणि हॉलिस यांना हवे असलेले ‘टॉक टॉक’ यांच्यातले अंतर या दोन वर्षांत जितके उघडे पडले, तितके ते ‘स्पिरिट ऑफ ईडन’च्या वेळीही पडले नव्हते.

नंतरचे श्रोते

पॉलिडोर या दुसऱ्या कंपनीकडे गेल्यावर, पॉल वेब यांच्याशिवाय, पुन्हा वेसेक्समध्ये आणि पुन्हा फिल ब्राउन यांच्याबरोबर ‘लाफिंग स्टॉक’ हा अल्बम झाला. तो १९९१ मध्ये आला आणि लवकरच बँड संपला. हॉलिस यांनी १९९८ मध्ये स्वतःच्या नावाचा एकच अल्बम केला, तोही आणखी शांत, आणि मग सार्वजनिक जीवनातून ते बाजूला झाले. फेब्रुवारी २०१९ मध्ये, ६४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

दरम्यान ‘स्पिरिट ऑफ ईडन’ला दुसरे आयुष्य मिळाले होते. १९९४ मध्ये समीक्षक सायमन रेनल्ड्स यांनी, रॉकची वाद्ये वापरून रॉकच्या पलीकडचे काही करू पाहणाऱ्या बँडसाठी ‘पोस्ट-रॉक’ ही संज्ञा पुढे आणली. या प्रवाहाचा उगम शोधताना ‘टॉक टॉक’च्या शेवटच्या दोन अल्बमांचे नाव हमखास घेतले जाऊ लागले. ‘एल्बो’ या ब्रिटिश बँडचे गाय गार्वी यांच्यासारख्या पुढच्या पिढीतल्या संगीतकारांनी हॉलिस यांचे ऋण जाहीरपणे मान्य केले. तरीही या मान्यतेला ‘काळाने दिलेला न्याय’ म्हणणे मला अर्धवट वाटते. काळ आपण होऊन न्याय देत नाही. काही वादक, काही समीक्षक आणि हा अल्बम मित्राच्या हाती देणारे काही श्रोते ते काम करतात. असे श्रोते न मिळालेले, तितक्याच तळमळीने केलेले अल्बमही असणारच. शिवाय ज्यांनी ही पद्धत उचलली, त्यांपैकी अनेकांनी हलक्या सुरुवातीपासून मोठ्या स्फोटापर्यंत जाण्याचा आराखडा तेवढा घेतला. निवड करण्याची, आणि चांगले वाजवलेलेही सोडून देण्याची शिस्त मात्र कमी जणांनी घेतली. तिला वेळ लागतो, आणि वेळेला पैसे.

आज हा अल्बम प्रथमच ऐकणाऱ्याला तो स्ट्रीमिंगवर सहा सुट्या रचनांच्या रूपात दिसतो, आणि सिंगल म्हणून निघालेल्या ‘आय बिलीव्ह इन यू’पासून सुरुवात करण्याचा मोह होतो. मी तसे न करण्याचा सल्ला देईन. ‘डिझायर’मध्ये ऑर्गनच्या मंद सुरांवर चाललेली रचना अचानक फुटते आणि गिटार, ड्रम व तालवाद्ये एकदम अंगावर येतात. सुटी ऐकली तर ती केवळ गोंगाटाची जागा वाटते. तिच्याआधी ‘द रेनबो’ आणि ‘ईडन’ सलग ऐकलेल्या माणसाचे कान पंधरा मिनिटांत इतके हलके, इतके सावध झालेले असतात की त्या आघाताचे बळ दुप्पट होते. पहिली बाजू न थांबता ऐकावी, आवाज थोडा वाढवून ऐकावी, आणि ‘इनहेरिटन्स’ सुरू करण्यापूर्वी एलपी उलटण्यास जितका वेळ लागत असे, तितका तरी थांबावे.